पेरास्तच्या अंगणातलं भरीत

रेवा आणि अर्णव,

तुम्हाला मराठी बोललेलं समजतं, पण वाचायला वेळ लागतो. म्हणून हे सगळं तुमचा बाबा तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तसं त्याने कबूल केलं आहे. उदय, मधे तुझ्याविषयीही थोडं आहे, ते गाळू नकोस. मी नंतर मुलांना विचारणार आहे.

जहाजाची ही सहल मला तुमच्या आईबाबांनीच दिली, पंचाहत्तरीची भेट म्हणून. बरोबर कोण, असं विचारल्यावर मी लगेच प्रमिलाचं नाव सांगितलं. प्रमिला म्हणजे तुमची धुळ्याची आजी, माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर नरडाण्याजवळचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती माझ्याशी अहिराणीत बोलते आणि मी तिला शाळेतल्या मराठीत उत्तर देते. मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं, तिने जन्मभर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, थापून अर्ध्या धुळ्याला खाऊ घातले. आमचं पटतं. फक्त मी घड्याळ बघते आणि ती बघत नाही.

या भेटीला एक शेपूट होतं. गेल्या मे महिन्यात उन्हाची चक्कर येऊन मी भाजीबाजारात खाली बसले. बसले, पडले नाही; पण फोनवरून तुमच्याकडे कॅलगरीला पोचेपर्यंत त्याचं 'पडल्या' झालं. तेव्हापासून तुमच्या बाबाने एकच धोशा लावला : "आई, तू आता एकटीने राहण्यासारखी नाहीस. जळगावचं घर विकू, तू इकडे ये." दसऱ्यानंतर घर बघायला एजंट येणार, हेसुद्धा त्याने परस्पर ठरवलं. मी म्हटलं, "मी माझं माझं सगळं करते." तो म्हणाला, "बघू." हा 'बघू' मी सुटकेसमधल्या साड्यांबरोबर घेऊनच निघाले होते.

जहाजावरचं जेवण, तिथला नाच आणि प्रमिलाने लिफ्टमध्ये एका जर्मन आजोबांना दिलेला खाकरा, हे सगळं तुम्ही फोटोत पाहिलं आहे. मला सांगायचं आहे ते एकाच दिवसाचं.

कोटोर

पहाटे जाग आली तेव्हा जहाज चालतंय की थांबलंय तेच कळेना. बाहेर येऊन पाहिलं तर दोन्ही बाजूंनी उंच, काळपट डोंगर आणि मधे चिंचोळं पाणी. याला समुद्र म्हणायला मन तयार होईना. पावसाळा संपताना गिरणेचं धरण भरलेलं असतं, तसं ते पाणी दिसत होतं. डोंगर मात्र आपल्या सातपुड्यासारखे लांबून निळे दिसणारे नव्हते, अगदी जहाजावर वाकलेले होते. "हात लांबाडा ते हात लागी," प्रमिला म्हणाली.

आमच्या गटाची टूर मॅनेजर केतकी नावाची नाशिकची मुलगी होती. बत्तीस माणसांना हाकताना तिचा आवाज बसला होता. त्या दिवशी गट बसने कुठल्याशा राजवाड्याला जाणार होता. मी तिला सांगितलं, "आम्ही दोघी येत नाही. आम्ही आमचं आमचं कोटोर बघू आणि साध्या बसने शेजारच्या पेरास्त गावाला जाऊन येऊ."

"काकू, प्लीज. उदयदादांचे मला रोज मेसेज येतात."

"येऊ देत. मी रात्री सगळं बघून ठेवलंय. बस वेशीबाहेरून सुटते, अर्ध्या तासात पोचते, दर तासाला परत येते."

"पाच म्हणजे पाच हं काकू. साडेपाचला जहाज सुटतं. कोणासाठी थांबत नाही. मागच्या सहलीला एक जोडपं धक्क्यावर राहिलं होतं, मला कुठे तोंड दाखवायला जागा नव्हती."

"मी तीस वर्षं शाळेची घंटा वाजवून घेतली आहे," मी म्हटलं.

तिने हात जोडले. पण फोन काढून काहीतरी लिहिलंसुद्धा. कोणाला, ते मला कळलं.

कोटोर हे तटबंदीतलं गाव. समुद्राकडच्या दारातून आत शिरलं की समोर घड्याळाचा मनोरा आणि पायाखाली दगडी फरशी, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. मोटारी आत येत नाहीत. तट गावाभोवती फिरून पुढे तसाच डोंगरावर चढत जातो. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगचा किल्ला दिसतो ना, तसा. पण लळिंगवर वाळलेलं गवत आणि बकऱ्या, इथे खाली पाणी. तुमचे आबा दर वेळी गाडी थांबवून लळिंगकडे बघायचे आणि "एकदा चढू" म्हणायचे. कधी चढलो नाही. म्हणून इथे मी हट्टाने अर्ध्या वाटेवरच्या छोट्या चर्चपर्यंत चढले. प्रमिला तिसऱ्या वळणावर बसली. "तू जाई ये वं अक्का, मी आठे तुनी वाट देखस." वरून लाल कौलांची घरं आणि त्यांच्यापलीकडे आमचं पांढरं जहाज दिसत होतं. गावापेक्षा जहाज मोठं दिसतं हे मला आवडलं नाही.

खाली गल्ल्यांत मात्र माझ्या नकाशाने दगा दिला. त्याच विहिरीपाशी आम्ही तीनदा आलो. तिथे एक पिवळी मांजर बसली होती. या गावात मांजरं फार, त्यांच्यासाठी दारोदार पाण्याच्या वाट्या ठेवतात. तिसऱ्या वेळी प्रमिलाने मांजरीलाच नमस्कार केला. "हाई आते आपलाले वळखाले लागनी."

कॉफी छोट्या तांब्याच्या भांड्यातून येते. खाली गाळ राहतो तो प्यायचा नसतो, हे मी वाचलेलं होतं, पण सांगायचं राहिलं. प्रमिला तळापर्यंत प्यायली. दात काळे झाले. ती माझ्याकडे बघून हसली. त्यावरून आम्ही दोघी असं हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसंही उगाच हसायला लागली.

पेरास्त

बस वेळेवर आली. तिकीट मी काढलं, कुठे उतरायचं ते ड्रायव्हरला मी सांगितलं, खिडकीची जागाही मी मिळवली. कौतुकाने सांगते आहे असं समजा.

पेरास्त म्हणजे पाण्याकाठची एकच लांब वाट. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला करड्या दगडांची जुनी घरं. एके काळी इथले लोक मोठमोठी जहाजं घेऊन लांबच्या समुद्रांत जायचे. आता अर्ध्या घरांच्या खिडक्या बंद असतात, मालक दूरदेशी. उन्हाळ्यात येतात, खिडक्या उघडतात, जातात. जळगावात आपल्या गल्लीतली तीन घरं अशीच आहेत.

गावासमोर पाण्यात दोन लहान बेटं आहेत. एक देवाने केलेलं, त्यावर काळी सरूची झाडं. दुसरं माणसांनी केलेलं. पाण्यातल्या एका खडकापाशी कोणाला देवीचं चित्र सापडलं म्हणे, तेव्हापासून गावाने तिथे दगड टाकायला सुरुवात केली. टाकता टाकता बेट झालं आणि त्यावर निळ्या घुमटाचं देऊळ उभं राहिलं. अजूनही वर्षातून एका संध्याकाळी सगळ्या होड्या दगड भरून निघतात. हे वाचून मला आपल्याकडची कानबाई देवी आठवली. श्रावणात घरोघर तिच्या नैवेद्याचे रोट होतात आणि सोमवारी तिला निरोप द्यायला अख्खी गल्ली नदीवर जाते, तसंच हे. आम्ही नदीवर सोडून येतो, हे ठेवून येतात, एवढाच फरक.

होडीने बेटावर जाऊन यायचं, अडीचच्या बसने परतायचं, असा माझा बेत होता. होडीच्या धक्क्याकडे आम्ही निघालो आणि एका गल्लीच्या तोंडाशी प्रमिला थांबली. तिने नाक वर केलं.

"अक्का, कोनीतरी वांगा भाजी ऱ्हायनं."

"इथे कुठली गं वांगी?"

"मना नाकले शिकाड नको."

आणि मग मलाही आला. मुलांनो, हा वास मला तुम्हाला शब्दांत सांगता येणार नाही. गॅसवर वांगं भाजल्याचा वास वेगळा. हा लाकडावरचा होता. साल जळते, आतला गर शिजतो, थोडा गोड, थोडा कडवट आणि वर धूर. भडगावजवळच्या आपल्या शेतात, थंडीत, कापूस वेचून झाल्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायचा आणि त्यात हिरवी-पांढुरकी भरताची वांगी टाकायची. तुमचे आबा बाह्या दुमडून लांब काडीने ती उलटायचे. तुमचा बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. त्याचं काम लसूण सोलायचं. तो अर्धा लसूण सोलायचा आणि उरलेला खिशात लपवायचा. मग सोलून झाला म्हणून सांगायचा.

आम्ही वासाच्या मागे गेलो. पायऱ्या चढून वर एक अंगण लागलं. द्राक्षाचा मांडव होता. खाली पत्र्याची चूल, तिच्यावर जाळी, आणि जाळीवर ओळीने लाल मिरच्या आणि जांभळी वांगी. मिरच्या केवढ्या, तर आपल्या तळहाताएवढ्या. साधारण आमच्याच वयाच्या एक बाई काळा फ्रॉक आणि वर एप्रन घालून, घमेल्यासारख्या भांड्यापुढे स्टुलावर बसून भाजलेल्या मिरच्या सोलत होत्या. बाजूला टोपलीत अजून डोंगरभर माल.

मी चांगल्या इंग्रजीत माफी मागितली. म्हटलं, आम्ही प्रवासी आहोत, वासाने आलो, त्रास द्यायचा हेतू नाही. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर कळलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तोपर्यंत प्रमिलाने पर्स मांडवाच्या खांबाला अडकवली होती, पदर खोचला होता आणि शेजारच्या पाटावर बसून एक वांगं हातात घेतलं होतं. गरम वांगं फुंकर मारत, या हातातून त्या हातात घेत, देठ धरून तिने एका दमात साल उतरवली. देठ मोडला नाही. भरताला देठ मोडलेला चालत नाही, त्याला धरूनच तर सोलायचं असतं.

त्या बाई हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात सोन्याचे होते. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, "दानित्सा."

"प्रमिला," प्रमिला म्हणाली. "आनि हाई मनी जेठानी." मग दानित्साबाईंना कळावं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवून डोक्यावर घागर धरल्यासारखा हात केला, म्हणजे मोठी. दानित्साबाईंनी मान हलवली. कळलं असावं, कारण मला त्यांनी खुर्ची दिली.

आपल्याकडे भरीत चाललेलं असताना वाटेने जाणारा कोणी असाच येऊन बसतो आणि कांदा चिरायला घेतो. 'येऊ का' असं कोणी विचारत नाही, आणि 'बसा' असं कोणी म्हणत नाही. इथेही कोणी म्हटलं नाही. मी चष्मा काढून मिरच्या सोलायला घेतल्या. या सगळ्या सोललेल्या मिरच्या आणि वांगी पुढे बारीक करून, तेल घालून, मोठ्या पातेल्यात तासन्‌तास ढवळून ते हिवाळ्यासाठी बरण्यांत भरतात. आयवार म्हणतात त्याला. आपल्या पापड-कुरडयांसारखंच हे वर्षाचं काम. एक पातेलं आधीच शिजत होतं. दानित्साबाईंनी पावाच्या तुकड्यावर त्यातलं घालून आम्हाला दिलं.

प्रमिलाने घास घेतला आणि डोळे मिटले. "अक्का, हाई ते भरीत शे."

"मिरची तिखट नाही."

"नही ते नही. लसून शे. धूर शे. बठ्ठं आपलंच शे."

मग तिने पर्समधून तिची स्टीलची डबी काढली. त्यात लसूण-शेंगदाण्याची चटणी. या डबीशिवाय प्रमिला धुळ्याच्या बाहेर पडत नाही. चिमूटभर चटणी पावावर पडली. दानित्साबाईंनी खाल्ली, खोकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी आणखी मागितली. उघड्या दारातून आतल्या भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो दिसत होता, खलाशाच्या टोपीतला, त्याला वाळक्या फुलांचा झुबका. मी फोटोकडे पाहिलं, त्यांनी माझ्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं. नंतर बराच वेळ आम्ही तिघी नुसत्या सोलत होतो.

घड्याळ बघितलं तेव्हा अडीचची बस केव्हाच गेली होती आणि बेट राहिलं होतं. मी ताडकन उठले. "प्रमिला, साडेतीनची गाठायचीच. ती चुकली तर साडेचारची, आणि ती पाचच्या आत जहाजापाशी पोचवत नाही."

बस

थांब्यावर आम्ही धापा टाकत पोचलो. बस लांबच्या वळणावर दिसतही होती. तेवढ्यात मागून हाका आल्या. दानित्साबाई एप्रनसकट पळत येत होत्या. त्यांच्या हातात एक मातीचा वाडगा, निळ्या काठाचा, वर नॅपकिन झाकलेला. पातेल्यातलं गरम आयवार. तो माझ्या हातात देऊन त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि चूल सोडून आल्या होत्या म्हणून तशाच माघारी धावल्या.

बस आली. दार उघडलं. प्रमिला चढली. मी खालीच.

"अक्का, चढ!"

"अगं, वाडगा."

"काय वाडगा?"

"वाडगा त्यांचा आहे."

"दिधा तिनी! चढ नं माय!"

"आयवार दिलं. वाडगा कुठे दिला?"

मला माहीत आहे, तुम्ही आता हसाल. कदाचित तिकडे देताना भांड्यासकटच देत असतील. पण माझ्या हाताला ते कळेना. आमच्या सासूबाई शेजारून आलेली वाटी कधी रिकामी परत पाठवायच्या नाहीत. घरात काही नसलं तर साखरेचे चार दाणे घालायच्या. आणि वाटी न पाठवणं, हे तर आमच्या घरात कधी घडलंच नव्हतं. मी तो वाडगा घेऊन जहाजावर चढले असते, तर तो जळगावच्या कपाटात जन्मभर दुसऱ्याची वस्तू म्हणून राहिला असता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी मागे सरकले.

प्रमिला बसमधून उतरली. बस गेली.

"तू येडी व्हयी गई का वं अक्का?" आयुष्यात पहिल्यांदा ती मला असं म्हणाली. "घड्याय तू देखस, आनि बस तूच सोडी दिधी! जहाज गयं ते उदय काय म्हनी?"

काय म्हणेल ते मला चांगलंच माहीत होतं. तो काहीच म्हणणार नव्हता. फक्त दसऱ्यानंतर एजंट येणार होता, आणि मला एक अक्षर बोलायला तोंड उरणार नव्हतं. ज्या बाईला बस पकडता येत नाही तिने एकटीने घर कसं चालवायचं? पण आधी वाडगा.

थांब्याच्या कट्ट्यावर बसून आम्ही डबीतली चटणी नॅपकिनवर काढली, वाडग्यातलं आयवार डबीत भरलं, वाडगा नळावर धुतला आणि त्यात चटणी घातली. काठोकाठ. मग पुन्हा त्या पायऱ्या.

वाडगा बघून दानित्साबाईंचा चेहरा पडला. आवडलं नाही म्हणून परत आणलं, असं त्यांना वाटलं असणार. मी नॅपकिन उचलला. त्यांनी चटणी पाहिली. प्रमिलाच्या हातातली भरलेली डबी पाहिली. पुन्हा चटणी पाहिली. मग खुर्चीत बसून त्या तोंडावर एप्रन धरून हसत राहिल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

आता मात्र मी घड्याळ पुढे केलं, जहाजाचं चित्र हवेत काढलं आणि पाच बोटं दाखवली. त्या गंभीर झाल्या. खाडीकाठच्या रस्त्याकडे हात करून त्यांनी नकारार्थी मान हलवली. गाड्यांची रांग हलत नव्हती, साडेचारच्या बसचा भरवसा नव्हताच. त्यांनी अंगणाच्या कडेवरून खाली एक हाक मारली. आवाज असा की तुमच्या आबांनी शेताच्या या बांधावरून त्या बांधाला मारलेली हाक आठवावी.

खालून त्यांचे भाऊ आले. वासो त्यांचं नाव, पांढऱ्या मिशा, प्रवाशांना बेटावर नेणारी होडी चालवायचे. त्यांना इंग्रजी येत होतं. आता माझं काम होतं. जहाज कुठल्या धक्क्याला, किती वाजता, सगळं मी त्यांना नीट सांगितलं. विचारलं, "होडीने वेळेत होईल?" ते म्हणाले, "बसलात तर होईल. बोलत राहिलात तर नाही."

प्रमिला पाण्याला भिते. गिरणेला गुडघाभर पाणी असलं तरी ती काठाने जाते. तिने डबी पोटाशी धरली, माझा दंड धरला आणि डोळे मिटून होडीत बसली. होडी निघाली. ते दगडांचं बेट अगदी जवळून गेलं, निळा घुमट, पायऱ्यांना लागलेलं पाणी. वासोभाऊंनी हात छातीशी नेऊन नमस्कार केल्यासारखं केलं. म्हणाले, "वडील दगड टाकायचे, मी टाकतो. माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो नसला तर त्याचा दगड मीच टाकतो. पण दोन-तीन वर्षांनी येतो. आला की आधी दगड."

मी विचारलं, "तुम्ही त्याच्याकडे जाऊन राहत नाही?"

"गेलो होतो, परत आलो. मी तिथेच राहिलो तर मग तो कुठे येणार?"

प्रमिलाने डोळे उघडून विचारलं, "काय म्हनना हाऊ भाऊ?" मी तिला सांगितलं. तिने माझा दंड सोडला आणि माझा हात धरला.

धक्का

आमचं जहाज दिसायला लागलं तेव्हा पाचला थोडाच वेळ होता. शिडी अजून लावलेली होती. शिडीच्या तोंडाशी केतकी एका हाताने कपाळ धरून फोनवर बोलत होती. रस्त्याकडे बघत होती, त्यामुळे पाण्याकडून आलेल्या आम्ही तिला दिसलोच नाही. वासोभाऊंनी आम्हाला हाताला धरून उतरवलं, पैशाला हात लावला नाही आणि बहिणीच्या नावाने प्रमिलाला एक डाळिंब दिलं.

"काकू!" केतकी रडायच्या बेतात होती. "अहो, उदयदादा केव्हाचे लाइनवर आहेत!"

फोनच्या पडद्यावर तुमचा बाबा होता. तिकडे सकाळ. अंगात ऑफिसचा शर्ट, केस विस्कटलेले. तो काही बोलणार, इतक्यात शिडीवरच्या पहारेकऱ्याने प्रमिलाच्या डबीकडे बोट दाखवलं. बाहेरचं घरगुती अन्न जहाजावर नेता येत नाही. टाकून द्या.

"टाकी देवानं?" प्रमिलाने असं विचारलं जणू त्याने तिला मूल टाकायला सांगितलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग धक्क्यावरच, शिडीपासून दहा पावलांवर, डबीचं झाकण उघडलं आणि बोटांनी खायला सुरुवात केली. केतकी म्हणाली, "काकू, साडेपाच..." मी एक बोट तिच्या तोंडात घातलं. मग तिने दुसऱ्यांदा स्वतःच घेतलं.

"आई," फोनमधून आवाज आला. "तू काय करते आहेस?"

"भरीत खाते आहे."

"होतीस कुठे?"

"भरीत करत होते. बस चुकली. चुकली नाही, मीच सोडली. लोकांचा वाडगा परत द्यायचा होता. मग होडीने आले. पाचच्या आत आले आहे, घड्याळ बघ."

मला वाटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"वाडगा रिकामा दिला नाहीस ना?" त्याने विचारलं.

"प्रमिलाच्या चटणीने भरून दिला."

"डबी जरा कॅमेऱ्याजवळ धर."

मी धरली. तळाशी थोडं उरलं होतं, लालसर, मधे काळे ठिपके, जळक्या सालीचे. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पात नाही घातलेली."

"त्यांच्यात कांद्याची पात घालत नाहीत."

"आणि लसूण?"

"लसूण आहे. पण कोणी खिशात लपवलेला नव्हता."

पडद्यावर तो खाली बघून हसला. मग त्याने तोंड फिरवलं, आणि त्यानंतर बराच वेळ मला फक्त त्याचा कान दिसत होता. पहारेकऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. आम्ही डबी बोटाने पुसून चकचकीत केली आणि वर चढलो.

जळगाव

दसरा होऊन गेला. एजंट आला नाही. मी तीन दिवस वाट पाहिली आणि मग मीच त्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेबांनी सध्या राहू द्या सांगितलं काकू. डिसेंबरात ते स्वतः येतायत, मुलांना घेऊन."

ही बातमी मला तुमच्या बाबाने दिली नाही, एजंटने दिली. उदय, हा परिच्छेदही मोठ्याने वाच.

मी काही लहान नाही. पुढे कधीतरी मला खरोखरच कोणाच्या तरी आधाराने राहावं लागेल, ते मला समजतं. तो दिवस आला की मी स्वतः सांगेन. या थंडीत मात्र मी इथे आहे. बाजारात बामणोदकडची वांगी यायला लागली आहेत, अजून कोवळी आहेत, तुम्ही येईपर्यंत भरतील. गच्चीवर पऱ्हाटीची एक मोळी आणून ठेवली आहे. प्रमिला धुळ्याहून येणार आहे. रेवाने वांगी सोलायची, देठ न मोडता. अर्णवने लसूण सोलायचा आणि त्याचे खिसे मी तपासणार.

जाताना तुमच्याबरोबर एक मोठा डबा देईन, बिबडे आणि चटणी भरून. स्टीलचा आहे, झाकणावर तुमच्या आबांचं नाव कोरलेलं आहे. तो आपल्या घरचा डबा आहे. तो परत आणून द्यायचा आहे, आणि रिकामा नाही.

तुमची,
आजी